‘दूध पुरत नाहीये वाटतं!’

बाळंतीण घरी आली की आठवड्याच्या आत हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघतंच. आजेसासूबाई म्हणतात, बघायला आलेल्या शेजारच्या काकू म्हणतात, कधी रात्री अडीच वाजता बाळाचे बाबाही वैतागून म्हणतात. बाटलीला माप असतं, अंगावरच्या दुधाला नसतं. त्यामुळे बाळ रडलं की पहिला संशय दुधावर जातो आणि कोणीतरी पावडरीचा डबा आणायला निघतं. अंगावर पाजण्याबद्दलचे निम्मे गैरसमज या एका धास्तीतून आलेले आहेत.

गैरसमज: पहिले दोन-तीन दिवस दूध येतच नाही.

येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतं तेच मुळी चमचाभर. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं या चिकात भरपूर असतात. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि त्यानंतर दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. सिझेरियन झालं तर एखादा दिवस उशीर होऊ शकतो, इतकंच. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातल्या ४१.८ टक्के बाळांनाच हे मिळाल्याचं दिसलं. बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं? अनेक घरांत साखरपाणी, नाहीतर सोनं उगाळलेला मध. हौस समजू शकते, पण मधात बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूच नये.

गैरसमज: सारखं प्यायला मागतंय, म्हणजे दूध कमी.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गडबड इथेच होते. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. संध्याकाळी तर काही बाळं तास-दीड तास सोडतच नाहीत. यात बिघडलेलं काही नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. छाती नीट रिकामी झाली नाही, तर शरीर उत्पादन कमी करतं. आता वरचं दूध दिलं की काय होतं बघा. बाळाचं पोट भरतं, ते झोपतं, एक पाजणं चुकतं, तेवढं दूध खरोखरच कमी होतं आणि ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ असं म्हणायला घर मोकळं होतं. रात्रीचं पाजणं टाळून ‘आईला झोपू द्या’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. आईला झोप दुपारी द्या. लंगोट धुणं आणि पाहुणे दुसऱ्या कोणीतरी सांभाळावेत.

दूध उतरवण्याचं काम ऑक्सिटोसिनचं. ताण, वेदना, टोमणे यांनी ते अडखळतं. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, हे जनावरं राखणाऱ्याला ठाऊक असतं. बाळंतिणीच्या बाबतीत मात्र आपण तिला चार लोकांसमोर बसवून ‘येतंय का?’ विचारत राहतो.

मग पुरतंय हे ओळखायचं कसं? पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट शू होते. सुरुवातीला थोडं उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. रडणं, छाती मऊ लागणं, पंपात कमी दूध निघणं, ही दूध कमी असल्याची खात्रीची लक्षणं नव्हेत. छातीच्या आकाराचा तर संबंधच नाही. शू कमी होत असेल, बाळ मलूल असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र घरगुती चर्चा थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

‘दुखणारच, सहन कर’ हेही खोटं. सतत दुखतंय, चिरा पडताहेत, याचा अर्थ बहुधा बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र आहे. भोवतालचा काळसर भागही तोंडात यायला हवा. अनुभवी परिचारिका पाच मिनिटांत हे दाखवते.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पण लाडू खाल्ला नाही म्हणून दूध आटत नाही, आणि आईने दही खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही. तिचं पाणी तोडणं तर सरळ चूक. बाळाला मात्र सहा महिने वरचं पाणी नको, नागपूरच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं.

काही जणींना दूध खरंच कमी येतं: थायरॉइडचा त्रास, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, आधीची स्तनाची शस्त्रक्रिया. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेली पावडर हा गुन्हा नाही आणि त्यावरून आईला ऐकवणं हा निव्वळ दुष्टपणा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मातृदुग्धपेढ्याही आहेत. आशियातली पहिली १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

शेवटचा गैरसमज, कामावर रुजू झालं की पाजणं संपलं. काढलेलं दूध साध्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये दिवसभर चांगलं राहतं. शेतात किंवा लोकांच्या घरी राबणारीला याचा फारसा उपयोग नाही, हेही खरं. पण प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या ऑफिसात ती आहे का, हे रजेवर जाण्याआधीच लेखी विचारून ठेवा.