संस्कृत नाटकांतील प्रेम व मैत्री

नायक-नायिकांचे प्रेम हा अभिजात संस्कृत नाटकाचा एक प्रमुख विषय असला, तरी ते प्रेम केवळ दोघांपुरते राहिलेले क्वचितच आढळते. नायकाचा मित्र आणि नायिकेच्या सख्या यांच्यावाचून प्रेमाचा उच्चार, निरोप व भेट यांपैकी फारसे काही रंगभूमीवर घडत नाही. यात नाट्यतंत्राची सोय उघड आहे. मनातील गोष्ट प्रेक्षकांपर्यंत पोहोचावयाची, तर ती कोणाला तरी सांगावी लागते. विदूषक हा जन्माने ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो आणि राजाला ‘वयस्य’ म्हणून हाक मारतो. सख्या एकमेकींना ‘हला’ असे संबोधतात. हर्षाच्या रत्नावलीसारख्या नाटिकांत मैत्रीचे कार्य मुख्यतः या सोयीपुरते व अंतःपुरातील युक्त्यांपुरते मर्यादित आहे. श्रेष्ठ नाटककारांनी मात्र मित्राच्या कृतीवर, मौनावर आणि प्रसंगी त्याच्या अनुपस्थितीवरच कथानक उभारले.

कालिदासाचे अभिज्ञानशाकुंतल हे याचे सर्वांत सूक्ष्म उदाहरण होय. पहिल्या चार अंकांत अनसूया व प्रियंवदा शकुंतलेपासून जवळजवळ दूर होतच नाहीत. कमलपत्रावर नखांनी प्रेमपत्र लिहिण्याची कल्पना प्रियंवदेची. राजाला अनेक राण्या असतात, तेव्हा आमच्या सखीचे दुःख आप्तांना पाहावे लागू नये, असे त्याला बजावण्याचे धैर्य अनसूयेचे. दुर्वासाचा शाप ऐकणाऱ्याही याच दोघी. प्रियंवदा ऋषीची मनधरणी करून खुणेचा अलंकार दिसताच शाप संपेल, एवढी सवलत मिळविते आणि मग सखीच्या कोमल मनाला धक्का नको म्हणून दोघी ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवतात. निरोपाच्या वेळी राजाने ओळखले नाही तर अंगठी दाखव, एवढेच त्या सांगतात. सख्यांचा विवाह व्हावयाचा असल्यामुळे कण्व त्यांना हस्तिनापुरास पाठवीत नाही. परिणामी शकुंतला दरबारात उभी राहते तेव्हा शापाची माहिती असलेले कोणीही तेथे नसते, आणि वाटेत पाण्यात पडलेल्या अंगठीचे मोल तिला स्वतःलाही पुरते ठाऊक नसते. सख्यांच्या प्रेमानेच तिला असहाय केले, असे म्हणणे कठोर वाटेल. पण नाटकाची रचना त्याच दिशेने जाते.

राजाच्या बाजूसही कालिदासाने हीच योजना केली आहे. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला राजधानीस परत पाठवितो आणि अंतःपुरात बोभाटा होऊ नये म्हणून शकुंतलेविषयीचे बोलणे ही केवळ थट्टा होती, असे सांगतो. पाचव्या अंकात शकुंतला येण्यापूर्वी त्याच मित्राला हंसपदिकेकडे धाडले जाते. पुढे पश्चात्तापदग्ध राजा, तू मला आठवण का दिली नाहीस, असे विचारतो तेव्हा विदूषकाचे उत्तर सरळ आहे. राजाचा शब्द त्याने खरा मानला होता. शोकात बुडालेल्या राजाला युद्धास उभे करण्यासाठी मातली याच मित्रावर हल्ला करतो, हेही लक्षणीय आहे. मराठी रंगभूमीवर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतलाचा प्रथम प्रयोग केला तो चारच अंकांचा. सख्यांचा सहवास संपतो तेथेच तो थांबत होता.

शूद्रकाच्या मृच्छकटिकात मैत्री दारिद्र्याच्या कसोटीस लागते. संपत्ती गेल्यावर चारुदत्ताचे मित्र पांगतात. मैत्रेय तेवढा राहतो. वसंतसेनेवर त्याचा विश्वास नाही, तरी मित्राच्या शब्दाखातर तो तिचे अलंकार परत करावयास निघतो. न्यायसभेत शकाराशी झालेल्या झटापटीत तेच अलंकार त्याच्या काखेतून खाली पडतात आणि निरपराध चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. येथेही घात एकनिष्ठ मित्राच्याच हातून होतो. याउलट शर्विलक. मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी त्याने चोरी केलेली असते. पण ती लाभलेल्या क्षणीच मित्र आर्यक बंदीत पडल्याची वार्ता येते, आणि नववधूला दुसऱ्याच्या घरी पाठवून तो मित्राच्या सुटकेस जातो. पुढील राज्यक्रांतीचा आणि चारुदत्ताच्या सुटकेचा धागा या निर्णयाशी जोडलेला आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपांतरामुळे ही पात्रे मराठी प्रेक्षकांच्या घरोब्याची झाली.

विदर्भातील पद्मपूर हे आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून सांगणाऱ्या भवभूतीने आपल्या तिन्ही नाटकांतून विदूषकाला वगळले. त्याच्या मालतीमाधवात विनोदी मित्राच्या जागी समान योग्यतेचा मकरंद येतो. मालतीचा वेष घेऊन तो नंदनाशी लग्न लावतो आणि शेवटी नंदनाच्याच बहिणीला, मदयंतिकेला, घेऊन निघतो. हा प्रसंग प्रहसनाच्या काठावरचा आहे. परंतु मालती नाहीशी झाल्यावर माधवाचा शोक असह्य होऊन मकरंद प्राणत्यागास सिद्ध होतो, तेव्हा मैत्री प्रेमाइतकीच उत्कट झालेली असते. उत्तररामचरितात सीतेची सखी वासंती हीच रामाला सीतात्यागाचा जाब विचारते.

विशाखदत्ताने मुद्राराक्षसात शेवटचे पाऊल टाकले. या सात अंकी नाटकात नायिकाच नाही. स्त्रीपात्र म्हणून चंदनदासाची पत्नी अखेरच्या अंकात दिसते. नंदांचा अमात्य राक्षस याच्या कुटुंबाला रत्नपारखी चंदनदासाने आश्रय दिलेला असतो, आणि वधस्तंभ समोर असूनही तो त्यांचा ठावठिकाणा सांगत नाही. राक्षसाला लाच किंवा भीती जिंकू शकणार नाही, हे ओळखून चाणक्य त्या मैत्रीचाच फास तयार करतो. मित्राचे प्राण वाचविण्यासाठी राक्षस शस्त्र खाली ठेवतो आणि ज्याच्याशी आजवर लढला त्या चंद्रगुप्ताचे अमात्यपद स्वीकारतो. चंदनदासाला सर्व नगरांचे श्रेष्ठिपद देण्यात येते.