आजीच्या ट्रंकेतली ‘चौरंगी’

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. वर जुन्या पासोड्या, त्याखाली लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका आणि तळाशी रुमालात बांधलेलं काहीतरी जड. गाठ सोडली तर आतून सहा टोकांची पितळी चांदणी निघाली. मधे इंग्रज राजाची अक्षरं, भोवती गोलात लिहिलेलं, ‘द बर्मा स्टार’. फीत निळी, मधे लाल पट्टा, दोन्ही बाजूंच्या निळ्यावर एकेक केशरी रेघ. ऐंशी वर्षांनंतरही रंग ओळखू येत होते.

‘‘हे कोनाचं गं आजी?’’

‘‘मामंजींचं. ते मिल्ट्रीत होते ना.’’

मामंजी म्हणजे आजीचे सासरे, माझे पंजोबा. पंजोबा फौजेत होते एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. कुठे होते, काय करत होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजी म्हणाली, ‘‘काहीच सांगत नव्हते रे बा. इचारलं का बाजीवरून उठायचे अन् वावरात निंघून जायचे. लईच मागं लागलं तं येवढंच म्हनायचे, मी चौरंगीवर होतो.’’

चौरंगी म्हणजे कलकत्त्याचा मोठा रस्ता. बोदवडहून कलकत्ता काही परका नाही. आपल्या स्टेशनावरून धडधडत जाणारी गीतांजली थेट हावड्याला पोचते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, म्हातारा कलकत्त्याला आरामात असणार. मीही तेच धरून चाललो होतो. मग एका रात्री मोबाइलवर सहज ‘चौरंगी, बर्मा, 1944’ असं शोधलं आणि झोप उडाली.

जंगलातल्या धावपट्ट्या

चौरंगी नावाची आणखी एक जागा होती. ती होती ब्रह्मदेशात, इरावती नदीच्या पलीकडे, जपानी सैन्याच्या पाठीमागे. ही एक गुप्त धावपट्टी होती.

मार्च 1944. जपानी फौज मणिपूरवर चालून येत होती. त्याच वेळी ब्रिटिश जनरल ऑर्ड विंगेटनं उलटी चाल खेळली. शत्रूशी समोरून भिडण्याऐवजी त्याच्या मागेच माणसं उतरवायची. या फौजेला चिंडिट म्हणत. जंगलात गवताळ मोकळ्या जागा हेरून त्यांना टोपणनावं दिली गेली. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून ‘ब्रॉडवे’, लंडनच्या चौकावरून ‘पिकॅडिली’ आणि कलकत्त्याच्या रस्त्यावरून ‘चौरंगी’. नाव कुणाच्या कानावर पडलं तरी जागेचा पत्ता लागू नये म्हणून.

5 मार्चच्या संध्याकाळी आसामात सिलचरजवळच्या लालाघाटच्या तळावर विमानं तयार उभी होती. निघायच्या जरा आधी आलेल्या फोटोत दिसलं की पिकॅडिलीच्या मैदानावर सगळीकडे झाडांचे ओंडके पडलेत. ऐन वेळी बेत बदलला आणि सगळे ब्रॉडवेकडे निघाले. पहिली माणसं ग्लायडरमधून उतरली. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं, दुसऱ्या विमानाला दोरानं बांधून नेलेलं विमान. अंधारात उतरताना गवतात लपलेल्या ओंडक्यांवर आणि चाकोऱ्यांवर आदळून अनेक ग्लायडर मोडले, तीसेक माणसं गेली. तरीही अमेरिकन इंजिनिअरांनी ग्लायडरमधूनच आणलेल्या छोट्या बुलडोझरनं एका दिवसात धावपट्टी सपाट केली. दुसऱ्या रात्री तिथे डाकोटा विमानं उतरू लागली. चौरंगीही त्याच सुमारास सुरू झाली आणि काही रात्री वापरून सोडून दिली गेली. आठवड्याभरात सुमारे 9 हजार सैनिक आणि 1300हून जास्त खेचरं-घोडी शत्रूच्या पाठीमागे उतरली.

त्याच महिन्याच्या 24 तारखेला विंगेट विमान अपघातात गेला. जंगलातल्या त्या धावपट्ट्याही पुढे गवतानं गिळल्या.

मग पंजोबा नेमके कुठे?

आता मी घरभर नाचायला मोकळा झालो होतो. पंजोबा सीक्रेट मिशनवर! पण थोडं आणखी वाचलं आणि पाय जमिनीवर आले.

चिंडिटांच्या पायदळ पलटणींत मुख्यतः ब्रिटिश, गुरखा आणि आफ्रिकी सैनिक होते. मराठे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होतेच. त्याच मार्चमध्ये उखरूलजवळ सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांना अडवून धरत होती. पण ती वेगळी लढाई. मेडलवरूनही उलगडा होत नाही. बर्मा स्टार फक्त ब्रह्मदेशात लढलेल्यांना मिळाला असं नाही. 1942-43 मध्ये बंगाल-आसामात तैनात असलेल्यांनाही तो मिळू शकत होता. म्हणजे पंजोबा खऱ्या कलकत्त्याच्या खऱ्या चौरंगीवरही असू शकतात.

आणि एक तिसरी शक्यता होती. जंगलात उतरलेल्या माणसांना रोजचं अन्न, दारूगोळा, खेचरांचा चारा विमानातूनच जायचा. तो बांधणारी, चढवणारी माणसं मागच्या तळांवर रात्रंदिवस राबत होती. त्यांत भारतीय सैनिक मोठ्या संख्येनं होते. पॅराशूटचं कापड कमी पडलं तेव्हा जनरल स्लिमच्या फौजेनं कलकत्त्याच्या गिरण्यांकडून चक्क तागाची पॅराशूट बनवून घेतली. त्यांचं नावच पडलं ‘पॅराज्यूट’. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या आपल्या भागातल्या पोराला तिथलं काम काही अवघड गेलं नसेल.

मुकी खेचरं

हे सगळं मी आजीला वाचून दाखवत होतो. खेचरांचा भाग आला. जंगलात ती ओरडली तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाजच बंद केला जायचा. आजीनं हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं.

‘‘अरे, हे तं मामंजी सांगायचे! तिकडची खेचरं मुकी राहेत म्हनून. आम्ही सगळे हासायचो. म्हटलं, म्हतारा पोरांना काहीबाही सांगतो.’’

मला काय बोलावं सुचेना. पंजोबा काहीच सांगत नव्हते, असं आमच्या घरात पन्नास वर्षं सांगितलं जातंय. खरं तर त्यांनी सांगितलं होतं. आम्हाला ते खरं वाटलं नाही. पुढच्या वेळी ते बाजीवरून उठून वावरात गेले, त्यात नवल काय?

न सांगण्याला आणखी एक कारण असावं. आपला जिल्हा म्हणजे 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरवलेला. 1942 च्या सप्टेंबरात नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार इंग्रजांच्या गोळीनं गेला. अशा खानदेशात इंग्रजांच्या फौजेतून परतलेल्या माणसानं आपली चांदणी छातीवर लावून कुठे मिरवायची? भारतातून जवळपास 25 लाख माणसं त्या युद्धात उतरली. त्यांतल्या कित्येकांनी मेडल असंच रुमालात बांधून ठेवलं असेल. कुणी पोटासाठी गेलं, कुणी कर्जापायी. कुणी नुसतं जग बघायला गेलं असेल. आज पहाटे बोदवडच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना विचारा, कारणं फार बदललेली नाहीत.

मेलेल्यांची यादी आहे, जिवंतांची?

इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरला टेम्प्सफर्ड नावाचं गाव आहे. युद्धात तिथला विमानतळ शेतातल्या जुनाट कोठाराच्या आडोशानं लपवला होता. फ्रान्समध्ये हेर उतरवणाऱ्या स्क्वाड्रन तिथे होत्या. बडोद्यात जन्मलेल्या सूफी गायक इनायत खान यांची मुलगी नूर, तिला जून 1943 मध्ये तिथल्याच 161 स्क्वाड्रनच्या विमानानं फ्रान्सला पोचवलं होतं. ती परत आली नाही. आज ते कोठार उभं आहे, गावात 2013 पासून त्या हेर बायकांचं स्मारक आहे, आणि तिथे काम केलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे जमतात. पंजाबातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या. 2021 मध्ये त्या लोकांसाठी खुल्या करायला सुरुवात झाली.

मी आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर पंजोबांचं नाव टाकलं. सापडलं नाही, आणि बरं वाटलं. कारण ती यादी मेलेल्यांची आहे. म्यानमारमधल्या ताउक्यानच्या स्मारकावर, ज्यांची कबर नाही अशा सुमारे 27 हजार जणांची नावं कोरलेली आहेत. जो तिथे राहिला, त्याचं नाव घरबसल्या सापडतं. जो जगला, परत आला, ज्यानं कापूस पेरला आणि बाजीवर म्हातारा झाला, त्याच्यासाठी असं एक बटण नाही. त्याची नोंद एखाद्या रेजिमेंटच्या दप्तरात असते आणि दुसरी आजीच्या डोक्यात. दप्तर थांबेल. आजी ब्याऐंशी वर्षांची आहे.

पंजोबांचं डिस्चार्ज बुक वाळवीनं खाल्लंय, फक्त पुठ्ठा उरलाय. सैनिक क्रमांकाशिवाय पुढे जाणं कठीण, म्हणून जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून सुरुवात केलीय. ते कुठल्या चौरंगीवर होते, हे अजून ठरलेलं नाही. कदाचित ठरणारही नाही. पण चांदणी आता ट्रंकेत नाही, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. आणि आजीला अधूनमधून काही आठवतं, तेव्हा मी हसत नाही. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करतो.

तुमच्याही घरात ट्रंक असेल तर...

• आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला. गावाचं, नदीचं, साहेबाचं, कुठलंही विचित्र नाव जसं ऐकलं तसं लिहून घ्या. ‘दुरुस्त’ करू नका.

• मेडलच्या कडा आणि मागची बाजू बघा, कधीकधी क्रमांक-नाव कोरलेलं असतं. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

• डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुन्या फोटोची मागची बाजू तपासा. सैनिक क्रमांक आणि रेजिमेंट मिळालं की निम्मं काम झालं.

• रेजिमेंट कळली तर तिच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला आहे.

• इंटरनेटवर शोधताना ‘जळगाव’ टाकू नका. तेव्हा जिल्ह्याचं नाव ‘पूर्व खानदेश’ होतं, धुळ्याचं ‘पश्चिम खानदेश’. बोदवड तेव्हा स्वतंत्र तालुकाही नव्हता. इंग्रजी स्पेलिंग ‘व्ही’नं आणि ‘डब्ल्यू’नं, दोन्ही करून बघा.