प्रकाश-तलवारीची पारख

महाराष्ट्रातील जुन्या अखाड्यांमध्ये लढतीचे हत्यार आणि प्रात्यक्षिकाचे हत्यार यांची गल्लत होऊ दिली जात नसे. दोन गड्यांनी एकमेकांवर वार करायचे असले, की हाती फरी-गदका येई. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली साधारण तीन फुटांची छडी आणि फरी म्हणजे वार झेलण्याची लहान गोल चामडी ढाल. याउलट पट्टा हे प्रामुख्याने पाहणाऱ्यांसमोर फिरवण्याचे शस्त्र झाले, कारण त्याचे लांब, लवचीक, दुधारी पाते कोपराकडे जाणाऱ्या पोलादी खोबळ्याला जोडलेले असते, मनगट त्या खोबळ्यात बांधले जाते आणि सारा फेरा खांद्यातून काढावा लागतो, ज्यामुळे सरावाच्या जोडीदारावर हात आवरणे फार कठीण होते. याच दांडपट्ट्याला २०२४ साली महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित करण्यात आले. तिसरा प्रकार बनेटीचा. काठीच्या दोन्ही टोकांना तेलात भिजवलेले बोळे पेटवून ती वेगाने फिरवली, की अंधारात अग्नीची अखंड वर्तुळे दिसतात, आणि प्रकाशाने डोळे दिपवणारे शस्त्र म्हणून तिचाच मान पहिला आहे.

वऱ्हाडात ही परंपरा परकी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी उभे केले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. ज्या प्रदेशात शस्त्राची पारख अशी हातात घेऊन करण्याची सवय आहे, तेथील तरुणाने मागणीनुसार घडवलेली प्रकाश-तलवार, म्हणजेच ‘लाइटसेबर’, विकत घेताना तिलाही हीच कसोटी लावणे उचित ठरेल: ती खेळायची आहे की मांडून ठेवायची, हे आधी ठरावे आणि मगच तिच्या झगमगाटाकडे पाहावे.

या तलवारीचा जन्म मुळात दाखवण्यासाठीच झाला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटासाठी तिची मूठ जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून बनवली गेली आणि पात्याचा लखलखाट चित्रफितीवर नंतर चढवला गेला. खऱ्या लढतीतला आघात सोसण्यासाठी ती वस्तू बनलीच नव्हती. पुढे प्रतिकृती इतक्या मजबूत झाल्या, की फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये या द्वंद्वाला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. त्या नियमांत डोक्यावर किंवा धडावर लागलेल्या वाराला ५ गुण, हातापायांवरच्या वाराला ३ आणि पंजावरच्या वाराला १ गुण असून, वार सुरू करण्यापूर्वी पात्याचे टोक पाठीमागे न्यावे लागते, जेणेकरून फेरे मोठे आणि प्रेक्षकांना दिसण्याजोगे व्हावेत. म्हणजे येथे खेळ आणि प्रदर्शन एकाच हालचालीत आले आहेत. आणि तलवारीवर ताण येतो तोही नेमका याच ठिकाणी, कारण मोठ्या फेऱ्याचा आघात मोठा असतो.

तलवारीचे पाते म्हणजे पॉलिकार्बोनेट या चिवट, सहसा न तडकणाऱ्या प्लास्टिकची सुमारे एक इंच व्यासाची पोकळ नळी होय. तिच्या भिंतीची जाडी विचारल्याशिवाय सौदा करू नये: ९० सेंटिमीटर लांबीची नळी २ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचे वजन सुमारे १६० ग्रॅम भरते, तर ३ मिलिमीटरची नळी सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात जाते. तलवारबाजीच्या खेळातील ‘सेबर’ ही संपूर्ण तलवार ५०० ग्रॅमच्या आत असावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे जाड नळीचा वार अंगावर किती जड पडेल याचा अंदाज येतो. जाड पाते टिकते, पण ते जोडीदाराला अधिक लागते; म्हणून मुखवटा, गळ्याचे कवच आणि जाड हातमोजे यांशिवाय ते हाती घेऊ नये.

प्रकाशाच्या दोन पद्धती आहेत आणि खरी निवड येथेच होते. पहिल्या पद्धतीत एलईडी दिवा मुठीत असतो आणि रिकामी नळी त्याचा उजेड पसरवते. पाते फुटले तरी केवळ नळी बदलावी लागते. दुसऱ्या पद्धतीत नळीच्या आत सूक्ष्म एलईडींच्या पट्ट्या टोकापर्यंत जातात आणि प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे पेटवता येत असल्याने प्रकाश मुठीपासून सरसर वर चढताना दिसतो, जे दृश्य पहिल्या पद्धतीला साधत नाही. मात्र या पट्टीत संदेश एका दिव्याकडून पुढच्या दिव्याकडे जात असल्यामुळे, जोराच्या टोल्याने एखादा सांधा निखळला, की त्यापुढचे पाते काळे पडते किंवा भलतेच रंग दाखवू लागते. ज्याला रोज खेळायचे आहे त्याने मुठीतल्या दिव्याचीच तलवार घ्यावी. दुकानातला चढता प्रकाश पाहून मन वळू देऊ नये. एका पद्धतीसाठी बनवलेली मूठ दुसऱ्या पद्धतीच्या पात्याला सहसा उजळवू शकत नाही, तेव्हा ‘पाते पुढे बदलू’ या भरवशावर व्यवहार करणे महागात पडते.

मूठ बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिच्या तोंडाशी शोभेचे टोकदार पंख किंवा पंजे असतील तर ती कपाटात सुंदर दिसते, पण बोटांना ढालीसारखे संरक्षण नसलेल्या या शस्त्रात तीच टोके स्वतःच्या पंजाला ओरखडतात. पाते मुठीत धरून ठेवणारे छोटे स्क्रू कसलेले आहेत का, कळ इतकी वर आलेली तर नाही ना की झटापटीत अंगठ्याने ती दाबली जावी, आणि मूठ कानाजवळ धरून हलवल्यास आत काही खुळखुळते का, हे तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्यानंतर पात्यासह तलवार एका बोटावर आडवी तोलून पाहावी. तोल मुठीच्या तोंडापासून जितका पुढे सरकेल तितके पाते थांबवणे जड जाईल, आणि ऐनवेळी पाते थांबवता येणे हाच गदक्याच्या खेळातला संयम आहे.

अकोला आणि अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा एक गोष्ट येथील खरेदीदाराने अधिक काटेकोरपणे पाळली पाहिजे. या तलवारीत बहुधा लिथियम सेल असतो आणि असे सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा टिनाच्या छपराखालच्या खोलीत तो चार्जिंगला लावणे धोक्याचे आहे, म्हणून सेल बाहेर काढता येणारी मूठ घ्यावी आणि चार्जिंग पहाटेच्या गारव्यात उरकावे. तलवार भिंतीवर मांडायची असेल तर तिला खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावे, कारण अतिनील किरणांनी पॉलिकार्बोनेट हळूहळू पिवळे आणि ठिसूळ होते. पाते पुसायला साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरते. थिनर किंवा ॲसिटोन लावल्यास नळीवर बारीक केसांसारख्या भेगा उमटतात आणि पुढच्या लढतीत पाते नेमके त्याच जागी फुटू शकते.