औषधाचा प्रवास – लेखांक ६ : उंदराच्या डोळ्याची साक्ष

जिवंत पेशींकडून करवून घेतलेली प्रथिनरूप औषधे कशी तयार होतात, हे गेल्या लेखांकात पाहिले. अशा एखाद्या प्रथिनाने डोळ्याच्या आतला दाह शमतो की नाही, हे माणसाला ते देण्यापूर्वी प्राण्यांवर कसे पडताळतात आणि त्या पडताळणीवर किती भिस्त ठेवावी, हा आजचा विषय आहे.

डोळ्याचा दाह म्हटला की आपल्या जिल्ह्यातील वाचकाला प्रथम आठवते ती डोळे येण्याची साथ, किंवा उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपात मधूनच दिसणारे लाल, पाणावलेले डोळे. परंतु ते विकार बहुधा जंतुजन्य असतात आणि डोळ्याच्या बाहेरच्या आवरणावर सुरू होतात. येथे विचार करावयाचा तो युव्हायटिसचा, म्हणजे परितारिका आणि तिच्यामागचे रक्तवाहिन्यांनी भरलेले मधले पटल यांच्या दाहाचा; आणि त्याच्या पुष्कळ प्रकारांत बाहेरचा शत्रू सापडतच नाही, शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वतःच्या डोळ्यावर चाल करून जाते. भूम-परंड्याकडचा एखादा शेतकरी डोळा लाल झाला, उजेड सोसेना, म्हणून ‘डोळे आले असतील’ अशा समजुतीने दुकानातून थेंब आणून घालीत राहतो, आणि बार्शीच्या किंवा सोलापूरच्या नेत्रतज्ज्ञापर्यंत तो पोहोचेपर्यंत त्याच्या परितारिकेची कड मागच्या भिंगाला चिकटून बाहुलीचा गोल आकार बिघडलेला असतो. स्टेरॉइडने हा दाह आवरतो खरा, पण ते दीर्घकाळ चालू ठेवावे लागले तर मोतीबिंदू आणि काचबिंदू यांना वाट मोकळी होते; म्हणूनच दाहाच्या साखळीतील एखादीच कडी नेमकी तोडणाऱ्या प्रथिनांचा शोध सुरू झाला.

आता प्रयोगशाळेत असा रोग आणावयाचा कसा? त्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली १९८० साली रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली : जिवाणूंच्या कवचातील एंडोटॉक्सिन हे द्रव्य मोठ्या उंदराच्या पायात टोचले असता पायापासून इतक्या दूर असलेला डोळा सुजतो, आणि सुमारे चोवीस तासांत दाह शिगेला पोहोचतो. बारकाईने पाहणाऱ्यास त्या लहानशा डोळ्यात परितारिकेच्या रक्तवाहिन्या तटतटलेल्या दिसतात; भूल दिलेल्या प्राण्याच्या पारपटलामागचा द्रव अतिसूक्ष्म सुईने काढला, तर एरवी जवळजवळ निर्मळ असणाऱ्या त्या थेंबात श्वेतपेशींची गर्दी आणि रक्तातून झिरपलेली प्रथिने सापडतात. त्या पेशींची मोजदाद आणि त्या प्रथिनांचे प्रमाण, हीच रोगाच्या तीव्रतेची नोंद. दुसऱ्या रीतीत दृष्टिपटलातीलच एखादे प्रथिन प्राण्याला टोचून त्याच्या संरक्षणव्यवस्थेला स्वतःच्या डोळ्याविरुद्ध चिथावले जाते. वॅकर यांनी १९७७ साली वेगळे काढलेले ‘एस-अँटिजेन’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा रोग उगवण्यास दिवस लागतात, आणि माणसाच्या चिवट युव्हायटिसशी त्याचे नाते अधिक जवळचे.

पहिल्या रीतीत एक मोठी गोम आहे. तो दाह काही दिवसांत आपोआपच ओसरू लागतो, त्यामुळे औषध न दिलेल्या प्राण्यांचा गट शेजारी नसेल, आणि कोणत्या पिंजऱ्याला काय दिले हे डोळा तपासणाऱ्यापासून लपवलेले नसेल, तर कोणतेही द्रव्य गुणकारी भासू शकेल. त्याहून गंभीर प्रश्न वेळेचा. कित्येक प्रयोगांत प्रथिन दिले जाते ते एंडोटॉक्सिनच्या आधी किंवा त्याच्याबरोबर. आपला भूमचा रुग्ण मात्र दाह सुरू झाल्यावर येतो. रोग टाळणे आणि उद्भवलेला रोग मोडणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोणत्याही अहवालात ‘औषध केव्हा दिले’ हा रकाना सर्वांत आधी पाहावा असे मी म्हणेन.

याचा दाखला एस-अँटिजेननेच दिला. १९९० साली नुसेनब्लाट यांच्या गटाने हे प्रथिन उंदरांना आधी तोंडावाटे चारले, आणि त्यामुळे पुढे चिथावलेला रोग दबला. उंदरांवरचा हा निकाल इतका आशादायक होता की पुढे ४५ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एस-अँटिजेनकडे थोडा अनुकूल कल दिसला, पण निर्णायक असे काही हाती लागले नाही. त्या रुग्णांचा रोग जुना होता. उंदरांचा तर अद्याप यावयाचा होता.

प्राणी खोटे सांगत नाही, परंतु जे विचारले तेवढेच सांगतो, ही गोष्ट आपल्याच पूर्वीच्या मुलुखात एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडली आहे. तेव्हा नळदुर्ग या नावाने ओळखला जाणारा आपला जिल्हा निजामाच्या अमलाखाली असताना, हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ साली क्लोरोफॉर्मची भूल सुरक्षित आहे काय हे पाहण्यासाठी कमिशन नेमवून कुत्र्यांवर प्रयोग केले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन त्याचा प्रतिनिधी बोलावला, आणि १८८९ साली लॉडर ब्रंटन या प्रतिनिधीच्या सहभागाने दुसरे कमिशन बसले. दोहोंचा निर्वाळा एकच : आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून, सबब श्वासावर नजर ठेवली की पुरे. पुढे १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की भूल हलकी असतानाच हृदयाची लय एकाएकी बिघडून प्राणी दगावू शकतो. हैदराबादच्या नोंदी खोट्या नव्हत्या, खर्चात कसूर नव्हती. हलक्या भुलीचा प्रश्न तेवढा योग्य तऱ्हेने विचारला गेला नव्हता, आणि त्यासाठी शेकडो प्राण्यांचा जीव गेला होता.

म्हणूनच आपल्याकडील १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांनी घातलेला बंदोबस्त मला केवळ दयेचा वाटत नाही. प्रयोगाचा हेतू काय, प्राणी किती, वेदना कशी टाळणार, याची परवानगी संस्थेच्या समितीकडून आधी घ्यावी लागते. गरजेहून अधिक प्राणी वापरणे हा अपराध, हे सर्वांना पटते. परंतु उत्तर मिळूच शकणार नाही इतके थोडे प्राणी वापरणे हाही त्यांच्या जिवाचा अपव्ययच होय.

प्रथिनांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. माणसासाठी घडवलेले प्रतिपिंड उंदरातील त्याच नावाच्या रेणूला ओळखेलच असे नाही; दाहाचा संदेश वाहणाऱ्या टीएनएफ या रेणूवरचे इन्फ्लिक्सिमॅब उंदराच्या टीएनएफला पकडतच नाही. मग उंदरासाठी निराळे प्रतिपिंड करावे लागते. अशाच प्रतिपिंडांनी एंडोटॉक्सिनचा दाह रोखण्याचा यत्न झाला, तेव्हा सुरुवातीच्या काही प्रयोगांत तो रोखला गेला नाही. तेवढ्यावरच फाइल बंद झाली असती, तर आज मुलांच्या संधिवाताबरोबर येणाऱ्या युव्हायटिसवरचे फार मोलाचे औषध हातचे गेले असते. मेथोट्रेक्सेट हे नेहमीचे औषध चालू असलेल्या ९० मुलांच्या ब्रिटनमधील चाचणीत, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, अडॅलिमुमॅब हे टीएनएफवरचेच प्रतिपिंड मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांत उपचार फसला, तर औषध नसलेले नुसते इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ६० टक्क्यांत.

पण डोळ्याच्या प्रयोगातील उंदराने एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती त्याला विचारलीच नव्हती. प्रयोगशाळेतील स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्याच्या छातीत क्षयाचे सुप्त जंतू नसतात. आपल्याकडे ते असंख्य माणसांत असतात, आणि त्यांना कोंडून ठेवणाऱ्या पहाऱ्यात टीएनएफचा मोठा वाटा आहे. क्षयाचा अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळांतील उंदरांनी हे १९९५ सालीच दाखवले होते. टीएनएफची वाट अडवताच ते क्षयाला बळी पडत. तरीही २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांत क्षय उफाळल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे वैद्यकाने ती ताकीद मनावर घेतली. डोळ्याच्या दुखण्यासाठी गेलेल्या रुग्णाला हे इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर छातीचा फोटो आणि क्षयाची चाचणी करून आणावयास सांगतात, ते याच कारणाने. आणि तो फोटो काढण्यास आपल्या मनुष्याने कंटाळा करू नये.