आत्ययिक रुग्ण आणि वैद्याची चिठ्ठी

गुल्म पक्व होऊन शस्त्रकर्माची वेळ आली की तेथे अधिकार धान्वंतर संप्रदायाचा, असे चरकसंहितेच्या गुल्मचिकित्सेत स्पष्ट सांगितले आहे. रुग्ण वेळेवर योग्य हाती सोपविणे हे चिकित्सेचेच अंग होय. मात्र त्याच्याबरोबर त्याची माहितीही गेली पाहिजे. येथे आपण कमी पडतो.

काही वर्षांपूर्वी माझा एक ज्वराचा रुग्ण चक्कर व अनियमित नाडीमुळे रात्री रुग्णालयात दाखल झाला. ‘आयुर्वेदिक पुड्या चालू आहेत’, एवढेच नातेवाइकांना सांगता आले. तेथील डॉक्टरांनी शोध घेऊन मला दूरध्वनी केला, तेव्हा उलगडा झाला. ताप लवकर उतरावा म्हणून रुग्णाने त्रिभुवनकीर्ती रस सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी अधिक घेतला होता. त्यातील वत्सनाभाने अतिमात्रेत जिभेला बधिरता येते, हृदयाची लय बिघडते. उपचारांना दिशा मिळाली, रुग्ण वाचला. पण मधले दोन तास माझ्या पुडीवर नाव नसल्याने वाया गेले.

अशी इतरही द्रव्ये आहेत. कनकासवातील धत्तुरामुळे अतिमात्रेत मुखशोष, विस्फारलेल्या बाहुल्या व भ्रम दिसतो. सर्पगंधेने रक्तदाब व नाडीची गती उतरते. ज्येष्ठमध दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. डिजॉक्सिन घेणाऱ्या हृद्रोग्यास ते घातक ठरू शकते.

म्हणून रुग्ण पाठविताना चिठ्ठीत पुढील बाबी असाव्यात : लक्षणे सुरू झाल्याची वेळ, नाडी व रक्तदाब, कल्पांची नावे, त्यांतील तीक्ष्ण व विषारी द्रव्ये, मात्रा, शेवटचे औषध केव्हा घेतले, चालू असलेली आधुनिक औषधे, पूर्वीचे आजार, ॲलर्जी आणि आपला दूरध्वनी क्रमांक. पक्षाघातात रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ही वेळ अवश्य लिहावी. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

औषधी विक्रेत्यांनीही सुटे औषध नाव, मात्रा व दिनांक लिहिल्याविना देऊ नये.

महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत आपले अनेक बीएएमएस पदवीधर काम करीत आले आहेत. दोन्ही बाजूंची भाषा जाणणारा हा दुवा आहे; त्यांच्या हाती चिठ्ठी द्यावी. रुग्ण घरी परतल्यावर डिस्चार्ज कार्ड पाहूनच पूर्वीची औषधे चालू ठेवावीत किंवा थांबवावीत.

चिठ्ठी लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. तेवढी व्यवसायबंधूंनी अवश्य द्यावीत, ही नम्र विनंती.