हॉर्नचा आवाज बसतो तेव्हा...

वरंध किंवा आंबेनळीसारख्या घाटात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असते. वळणाआड काय आहे, ते दिसत नाही. चालक हॉर्नचे बटण दाबतो आणि बॉनेटच्या आतून क्षीण, घोगरा आवाज निघतो. समोरून उतरणाऱ्या एसटीच्या चालकापर्यंत तो पोहोचतच नाही. शहरात ज्या हॉर्नने कान किटून गेलेले असतात, तोच हॉर्न अशा ठिकाणी ब्रेकइतका मोलाचा ठरतो. त्यामुळे आवाज बसलेला हॉर्न सुधारून घ्यावा, असे एखाद्या मोटारमालकाला वाटले तर त्यात वावगे काही नाही. मात्र, बाजारातील सर्वांत कर्कश हॉर्न आणून लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अनेकदा दोष हॉर्नमध्ये नसतोच. तो हॉर्नपर्यंत वीज नेणाऱ्या वाटेत असतो.

हे समजून घेण्यासाठी हॉर्न कसा वाजतो, ते पाहावे लागेल. मोटारीच्या हॉर्नमध्ये विद्युतचुंबक आणि पोलादाची पातळ चकती, म्हणजे डायफ्रॅम असतो. बटण दाबताच चुंबक डायफ्रॅमला स्वतःकडे खेचतो. तो खेचला जाताना आतील संपर्कबिंदू, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'पॉइंट', उघडतात. प्रवाह तुटतो, डायफ्रॅम मागे येतो आणि पॉइंट पुन्हा जुळतात. सेकंदाला काही शे वेळा चालणाऱ्या या ये-जा करण्यातून आवाज निर्माण होतो. चुंबकाला पुरेसा प्रवाह मिळाला नाही, की त्याची ओढ कमी पडते आणि हॉर्नचा गळा बसतो.

इंजिन सुरू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट दाब असतो. समजा, हॉर्नला ४ अँपिअर प्रवाह लागतो आणि बारीक वायर, झिजलेले बटण व गंजलेले जोड यांचा एकत्रित रोध ०.३ ओहम आहे. अशा वेळी १.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. त्याच वायरवर मालकाने दोन दमदार हॉर्न लावले आणि ते मिळून ८ अँपिअर ओढू लागले, तर हीच गळती २.४ व्होल्टपर्यंत जाते. 'नवे हॉर्न लावूनही फरक पडला नाही,' या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा येथे असते.

म्हणूनच खरेदीआधी तपासणी करावी. हॉर्न वाजत असताना मल्टिमीटरने त्याच्या टर्मिनलवरील दाब मोजावा आणि बॅटरीवरील दाबाशी त्याची तुलना करावी. दोन्हींत एक-दीड व्होल्टहून अधिक फरक आढळला, तर वायर, जोड आणि 'अर्थिंग' यांकडे लक्ष द्यावे. काही हॉर्नचे अर्थिंग त्यांच्या लोखंडी पट्टीतून थेट मोटारीच्या सांगाड्याला मिळते. दोन पावसाळ्यांच्या चिखलपाण्याने त्या पट्टीखाली गंज धरलेला असला, तर तो काच कागदाने घासून काढल्यावर जुनाच हॉर्न खणखणीत वाजू लागतो. टर्मिनलवर पुरेसा दाब मिळूनही आवाज घोगरा येत असेल, तर मात्र हॉर्नची वेळ भरली, असे समजावे. काही हॉर्नच्या पाठीमागे आवाज जुळवण्याचा स्क्रू असतो; तो थोडा-थोडा फिरवून पाहता येतो.

नवा हॉर्न निवडताना दोन प्रकार समोर येतात. चपट्या 'डिस्क' हॉर्नचा आवाज तीक्ष्ण असतो आणि काचा बंद केलेल्या वाहनातील चालकालाही तो चटकन जाणवतो. शंखाच्या आकाराच्या हॉर्नमध्ये आवाज वळणदार नळीतून बाहेर पडतो. तो अधिक भरदार आणि कानाला सुसह्य असतो. दोन्ही प्रकार उंच आणि खालच्या स्वरांच्या जोडीने मिळतात. ही जोडी एकाच वेळी वाजते, त्यामुळे तिला बहुस्वरी हॉर्न म्हणत नाहीत.

खोक्यावरील डेसिबलच्या आकड्यांनी मात्र भुलून जाऊ नये. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. एकसारखे दोन हॉर्न लावल्याने पातळी सुमारे ३ डेसिबलनेच वाढते. कानाला आवाज दुप्पट भासण्यासाठी ती जवळपास १० डेसिबलने वाढावी लागते. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. त्यामुळे आकडा किती अंतरावर मोजला आहे, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नसतो.

दोन मोठे हॉर्न लावायचे ठरलेच, तर रिले बसवणे आवश्यक आहे. रिले म्हणजे अल्प प्रवाहाने चालणारा आणि मोठा प्रवाह सोडणारा स्विच. मूळ हॉर्नची वायर रिलेच्या ८५ आणि ८६ या टोकांना जोडतात. बॅटरीवरून येणारी जाड वायर ३० क्रमांकाला, तर ८७ क्रमांकावरून निघणारी वायर हॉर्नना जाते. बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज लावणे अनिवार्य समजावे. तो नसेल आणि वायर कोठे घासून उघडी पडली, तर आगीचा धोका असतो. मूळ वायर न कापता जोडता येणारे तयार संच बाजारात मिळतात. वॉरंटी सुरू असलेल्या मोटारीसाठी तेच सोयीचे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढावी. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असल्याने तेथील बटणाला जाणकाराशिवाय कोणी हात लावू नये. शंखाचे तोंड किंचित खाली वळवावे म्हणजे पाणी साचत नाही आणि हॉर्नची चकती पत्र्याला टेकणार नाही, हे पाहावे.

कायद्याची चौकटही लक्षात ठेवायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार एकामागून एक वेगवेगळे स्वर काढणारा बहुस्वरी हॉर्न, तसेच अवाजवी कर्कश किंवा दचकवणारा आवाज करणारे साधन लावण्यास मनाई आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या वाहनांना यातून सवलत मिळते. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास, अथवा हॉर्न निषिद्ध असलेल्या ठिकाणी तो वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी एक हजार आणि त्यानंतर दोन हजार रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निकडीच्या प्रसंगाखेरीज हॉर्न वाजवता येत नाही.

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० च्या प्रारंभी एक वेगळा प्रयोग लोकांसमोर आणला होता. काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रे जोडण्यात आली. हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या पुढे गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. जितका गोंगाट अधिक, तितकी प्रतीक्षा अधिक! त्या सिग्नलवर उभ्या असलेल्या एकाही वाहनाला हॉर्नची गरज नव्हती. घाटातील आंधळ्या वळणावर मात्र ती एका क्षणापुरती असते आणि त्या क्षणी हॉर्नने दगा देऊन चालत नाही. स्वच्छ जोड, योग्य जाडीची वायर आणि नियमात बसणारी जोडी एवढ्याने तो क्षण निभावतो. उरलेल्या वेळी बटणावरचा अंगठा आवरण्याचे काम कोणताही रिले करू शकत नाही. ते चालकालाच करावे लागते.