डोकं उतरवलेली बास गिटार

बास गिटार गळ्यात अडकवून उभं राहावं आणि डावा हात अलगद सोडून पाहावा. अनेक गिटारींची मान हळूहळू जमिनीकडे झुकू लागते. वाजवणारे याला ‘नेक डाइव्ह’ म्हणतात. चौतीस इंची तारांसाठी लांब मान लागते. तिच्या टोकाला लाकडी डोकं आणि त्यावर चार जाडजूड धातूच्या खुंट्या. जुन्या धर्तीच्या खुंट्या असतील तर त्या चारच मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतात. खांद्यापासून इतक्या लांब टांगलेलं हे वजन धडाच्या वजनाला सहज भारी पडतं. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली. तेव्हापासून बासवादकाच्या डाव्या हाताला दोन कामं लागली: स्वर दाबायचे आणि मान सावरायची.

पंचवीसेक वर्षं याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते एका फर्निचर करणाऱ्याला.

नेड स्टाइनबर्गर शिल्पकला शिकलेले. त्यांचे वडील जॅक स्टाइनबर्गर भौतिकशास्त्रज्ञ. न्यूट्रिनोंवरच्या कामासाठी १९८८ मध्ये ज्या तिघांना नोबेल मिळालं, त्यांतले ते एक. मुलगा मात्र न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुतारांच्या सामायिक कारखान्यात खुर्च्या-टेबलांची डिझाइनं करत होता. त्याच छपराखाली स्टुअर्ट स्पेक्टर गिटारी बनवत. स्पेक्टर यांच्यासाठी नेड यांनी १९७७ च्या सुमारास पोटाला बिलगणारी, वक्र धडाची बास आखून दिली. ती आजही बनते आणि तिची नक्कल तर सर्रास होते. पण ते करताना त्यांच्या डोक्यात मानेच्या वजनाचा किडा शिरला. खुंट्या मानेच्या टोकालाच का? तार ताणायची तर ती दुसऱ्या टोकाने, ब्रिजच्या मागूनही ताणता येईल. आणि खुंट्या तिथून हलल्या की डोक्याला काम काय उरलं?

१९८० च्या सुमारास त्यांची ‘एल-टू’ आली. ती पाहून लोक हसले, चिडले आणि मग रांगेत उभे राहिले. डोकं नाही, धड म्हणजे जेमतेम एक आयताकृती पेटी, आणि लाकूड औषधालाही नाही. मान आणि धड इपॉक्सीत बसवलेल्या कार्बन व काच-तंतूंच्या साच्यातून निघालेलं. पेटी इतकी लहान की बसून वाजवताना मांडीवर टेकवायला घडीचा आधार जोडावा लागला. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या औद्योगिक डिझायनरांच्या संघटनेने तिला पारितोषिक दिलं. ‘रश’ या कॅनडाच्या बँडचा गेडी ली १९८४ च्या ‘ग्रेस अंडर प्रेशर’च्या काळात तीच वाजवत होता. ऐंशीच्या दशकातले संगीताचे व्हिडिओ पाहिले असतील, तर हे काळं वल्ह्यासारखं वाद्य नजरेतून सुटलेलं नसणार.

कार्बनचा हट्ट दिसण्यापुरता नव्हता. लाकडी बासवर, विशेषतः सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, एखादा स्वर हमखास लवकर विझतो. त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. म्युनिकमधले संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी मापनं करून याचा छडा लावला. मान स्वतःही कंप पावते, आणि तिची कंपनसंख्या तारेच्या स्वराशी जुळली की तारेतली ऊर्जा मान पिऊन टाकते. डोक्याला वजनदार चिमटा लावला की ही जागा एखाद-दुसऱ्या पडद्याने सरकते, हे वादकांना अनुभवाने ठाऊक होतंच. डोकं काढलं तर ती उलट दिशेने सरकते. मान अधिक ताठ केली तर ती वाजवण्याच्या पट्ट्यातून बाहेरही घालवता येते. म्हणजे डोकं उतरवणं हा निम्मा उपाय. उरलेला निम्मा ताठपणात आहे.

कंपनी ऐंशीच्या दशकातच गिब्सनकडे गेली. नव्वदीत फॅशन उलटली. फाटक्या जीन्स आणि जुन्या फेंडरच्या जमान्यात ही काळी पेटी परग्रहावरची वाटू लागली. तरी मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडून गेली होती. आपल्याकडे माउथ ऑर्गनमुळे घराघरांत पोहोचलेल्या हॉनर कंपनीने स्टाइनबर्गरच्या परवान्याने हीच बास लाकडात काढली. महागडे साचे नसले, कार्बन नसला, तरी कल्पना तगते हे त्यातून सिद्ध झालं. घरच्या घरी अशी बास करू पाहणाऱ्याचं खरं कुळ इथून सुरू होतं. पुढे २००७ मध्ये ओला स्ट्रँडबर्ग या स्वीडिश इंजिनिअरने छंद म्हणून घरी बिनडोक्याच्या गिटारी करायला घेतल्या. सुटे भागही स्वतःच आखले. आज त्याच नावाची कंपनी आहे आणि तिच्या यादीत बासही आहे.

घरी करणाऱ्याला या रचनेत एक मोठी सूट मिळते. नेहमीच्या अनेक गिटारींत डोकं मागे कललेलं असतं. त्यासाठी एक तर जाड ओंडका वाया घालवायचा, नाही तर तिरका सांधा जोडायचा. डोकंच नसलं की मान सरळ. इंचभर जाडीच्या पट्ट्या पुरतात. सहसा मेपलच्या तीन किंवा पाच पट्ट्या उभ्या चिकटवतात, मधे गडद लाकडाची बारीक रेघ. रेघ शोभेची वाटते, पण उलटसुलट रेषांच्या पट्ट्या एकमेकींना पिळू देत नाहीत हे तिचं खरं काम. सागवान वापरलं तर चिकटवण्याआधी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसावा लागतो. त्यातलं तेल सरसाला धरू देत नाही. आणि फर्निचरचा पांढरा गोंद इथे टाळलेला बरा, कारण सततच्या ओढीखाली तो हळूहळू सरकतो. ओढ थोडीथोडकी नसते. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे ते ऐंशी किलोच्या घरात जातो, आणि तो अहोरात्र असतो. म्हणून मानेच्या पोटात खाच मारून ट्रस रॉड, म्हणजे पिळून मान सरळ ठेवणारी धातूची सळी, बसवतात. शहाणे लोक तिच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या सळयाही बसवतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात लाकूड जे करतं, ते पाहिलेल्याला त्यांचं महत्त्व सांगावं लागत नाही. फक्त कार्बन कापताना मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

मानेवरची बोटपट्टी बहुधा शिसवीची. मार्टिनसारख्या अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलची शिसवी सोडून भारतीय शिसवी धरली. तेव्हापासून दक्षिण भारतातलं हे लाकूड जगभरच्या गिटारींवर आहे. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि कागदपत्रांचा घोळ सुरू झाला. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

पट्टीवर पडद्यांच्या खाचा आखायच्या, तर तारेची लांबी ८६३.६ मिलिमीटर धरून पहिला पडदा ४८.५ वर, पाचवा २१६.६ वर, बारावा बरोबर मध्यावर, ४३१.८ वर येतो. नवशिके एका पडद्यापासून पुढचा मोजत जातात. मग प्रत्येक मापाची चूक पुढच्यात जमा होते आणि विसाव्या पडद्यावर सूर उघडा पडतो. प्रत्येक माप सुरुवातीपासूनच घ्यायचं. बिनडोक्याच्या बासवर ही सुरुवात म्हणजे बहुधा मानेच्या टोकाचा ‘शून्य पडदा’ असतो. नेहमीच्या गिटारीत तार नटवरून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचदार पट्टीवरून, खाली वाकते ती डोक्यामुळे. इथे ते वाकवण्याचं कामही टोकाच्या छोट्या धातूच्या पकडीला करावं लागतं. ती शून्य पडद्यापेक्षा थोडी खाली बसली नाही, तर मोकळी तार किरकिरते.

खरी डोकेदुखी शेपटीकडे आहे. ताणण्याची सगळी यंत्रणा आता ब्रिजच्या मागे आली. एका तारेला एक असे सुटे ब्रिज बर्लिनची एबीएम किंवा अमेरिकेची हिपशॉट यांच्याकडून मिळतात. गोल मूठ फिरवली की आतला स्क्रू तारेचं टोक सरळ मागे ओढतो. मिरजेत घडणाऱ्या तंबोऱ्याला किंवा सतारीला घोडीमागे ओवलेला मणी सरकवून बारीक सूर जुळवणाऱ्यांना या टोकाचं वावडं वाटू नये. फरक इतकाच की तिथे मोठं काम वरची खुंटी करते, इथे सगळंच खालून. ओढायला जागा मोजकी असते. त्यामुळे तार आधी हाताने पुरती ताणून घ्यायची आणि मगच टोकाला स्क्रूने आवळायची. ढिली राहिली तर मूठ शेवटपर्यंत फिरते आणि सूर मात्र खालीच राहतो. शिवाय मुठीभोवती बोटं फिरायला धडाला मागून खोबण हवी. कागदावर ती पुरेशी दिसते. प्रत्यक्षात वीसेक किलोच्या ताणाखालची मूठ दोन बोटांनी फिरवायची असते.

धडाचा आकार मोकळा सुटतो हे खरं, पण पूर्ण मोकळा नाही. डोक्याचं वजन गेलं म्हणून पट्ट्याची वरची खुंटी कुठेही ठोकता येत नाही. ती बाराव्या पडद्याच्या जवळपास आली तर तोल चांगला राहतो. म्हणूनच अनेक बिनडोक्याच्या गिटारींना वरचं शिंग लांब ठेवलेलं दिसतं. एखादा चतुर कारागीर आधी स्वस्त प्लायवूडचं धड कापतो, त्यावर मान शिकंज्याने आवळतो, ब्रिजच्या जागी तेवढंच वजन बांधतो आणि गळ्यात अडकवून पाहतो. चांगलं लाकूड कापायची घाई त्यामुळे आपोआप कमी होते. तयार बास मीटरभराच्या आसपास भरते, नेहमीच्या बासहून वीतभर तरी आखूड. मुंबईच्या लोकलमध्ये पाठीवर वाद्य घेऊन चढणाऱ्याला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

तारजोडणीतही सुट्या ब्रिजचा एक काटा निघतो. एकसंध ब्रिजला अर्थिंगची एकच तार पुरते. इथे चारही ब्रिज सुटे. एक विसरला तर फक्त त्याच तारेवर बोट असताना स्पीकरमधून गुणगुण ऐकू येऊ शकते. म्हणून ब्रिजखाली तांब्याची पट्टी अंथरतात किंवा प्रत्येकापर्यंत स्वतंत्र वायर नेतात. ईएमजीसारखे बॅटरीवर चालणारे पिकअप असतील तर तारांना अर्थिंग लागतच नाही. मूळ स्टाइनबर्गरवर तेच होते.

तारांचा प्रश्न उरतो. एल-टूला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागत. त्या बदलायला झटपट, पण दुकानात मिळायला कठीण, आणि लांबी नेमकी हवी. आजच्या बहुतेक पकडी साधी तार घेतात: गोळी ब्रिजमध्ये, उघडं टोक पुढे स्क्रूखाली. फक्त जादा तार कापण्याआधी ती काटकोनात मुरडून घ्यायची, नाही तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सुटतं आणि स्वर पहिल्या दिवसापासून बसका येतो. मग पहिले काही दिवस मान ताणाखाली बसत जाते. ट्रस रॉडला रोज पाव वेढ्याहून कमी पीळ द्यायचा, रात्रभर थांबायचं आणि सकाळी तारेची उंची पुन्हा मोजायची.